मेंदू रीस्टार्ट होत नसतो

सिनेमातला तो सीन आपण शंभर वेळा पाहिलाय. मॉनिटरवर सरळ रेघ. डॉक्टर दोन पॅडल छातीला लावतात, शरीर उसळतं, रेघ पुन्हा वरखाली व्हायला लागते, बाहेर बाकावर बसलेली आई हात जोडते. पुढच्या सीनमध्ये पेशंट उशीला टेकून ज्यूस पितोय.

यात दोन गोष्टी खोट्या आहेत. पहिली किरकोळ आहे. सरळ रेघेला शॉक देतच नाहीत. हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरत असतं, तेव्हा शॉकचा उपयोग होतो. सरळ रेघ असेल तर छाती दाबत राहायचं आणि औषधं द्यायची. दुसरी खोटी गोष्ट मात्र माणसांच्या जिवावर बेतते. हृदय सुरू झालं की माणूस परत आला, ही समजूत.

या एका समजुतीपायी आपण आधीही चुकतो आणि नंतरही. माणूस कोसळल्यावर पहिल्या मिनिटांत हातावर हात धरून बसतो. आयसीयूत पहिल्याच दिवशी निकाल मागतो. आणि वाचून घरी आलेल्या माणसाला 'आता ठीक आहेस ना' म्हणून मोकळे होतो. हे सगळं किती चुकीचं आहे ते समजायचं असेल, तर मेंदूतल्या एका बदनाम पेशीकडे नीट पाहावं लागेल. तिचं नाव मायक्रोग्लिया.

आधी एक घोळ निस्तरू. बातम्यांमध्ये सगळ्यालाच 'हृदयविकाराचा तीव्र झटका' म्हणतात. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या एखाद्या रक्तवाहिनीत अडथळा येतो. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, घामाघूम होतो, छातीत दुखतंय म्हणून सांगतो. कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये हृदयाचं रक्त ढकलण्याचं कामच थांबतं. अटॅकमुळे अरेस्ट होऊ शकतो, पण दोन्ही एक नव्हेत. हा लेख अरेस्टबद्दल आहे.

रीस्टार्ट हा शब्द आमच्या धंद्यातला. सर्व्हर अडकला की बंद करून चालू करायचा, बरेच प्रॉब्लेम तिथेच सुटतात. ते सुटतात कारण डेटा डिस्कवर सुरक्षित असतो आणि वीज गेली म्हणून डिस्क कुजत नाही. मेंदूत अशी वेगळी डिस्क नाही. आईचा आवाज, पाढे, गाडीची किल्ली कुठे ठेवली, सगळं पेशींच्या एकमेकींशी असलेल्या जोडण्यांमध्येच असतं. त्या पेशी जगवायला क्षणाक्षणाला ऑक्सिजन लागतो. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के वापरतो, आणि शिल्लक म्हणून जवळपास काहीच ठेवत नाही. हातावर पोट असलेल्या माणसासारखं त्याचं आहे. एक दिवस काम बंद, की चूल बंद.

रक्त थांबल्यावर १०-२० सेकंदांत शुद्ध हरपते. काही मिनिटांत पेशींमधली ऊर्जा संपते. पेशींच्या आवरणातले पंप थांबतात, कॅल्शियम आत घुसतं. ग्लुटामेट नावाचं रसायन, जे एरवी मोजूनमापून सुटतं, ते सांडत जातं आणि शेजारच्या पेशींना चेतवून चेतवून मारायला लागतं.

मग समजा सीपीआर मिळाला, शॉक मिळाला, हृदय सुरू झालं. सिनेमा इथे संपतो. मेंदूसाठी मात्र दुसरा अंक इथे सुरू होतो. रक्ताबरोबर ऑक्सिजन परत येतो, पण त्याची कमतरता सोसलेल्या पेशींमध्ये तोच ऑक्सिजन घातक रेणू तयार करतो. सोव्हिएत डॉक्टर व्लादिमीर नेगोव्स्की यांनी १९७२मध्ये या अवस्थेला वेगळा आजार मानून नाव दिलं होतं, पुनरुज्जीवनानंतरचा आजार. म्हणजे माणूस परत आल्यावर जडणारा.

हा आजार किती हळू चालतो, हे १९८२मध्ये जपानच्या ताकाआकी किरिनो यांनी दाखवलं. त्यांनी जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांच्या मेंदूचा रक्तपुरवठा फक्त ५ मिनिटं अडवला आणि पुन्हा सुरू केला. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग नव्या आठवणी घडवतो. त्याच्या एका पट्ट्यातल्या चेतापेशी पहिल्या दिवशी बऱ्यापैकी शाबूत दिसत होत्या. चौथ्या दिवशी त्यातल्या बहुतेक मेलेल्या होत्या. ५ मिनिटांचा घाव आणि ४ दिवसांचा मृत्यू.

या मधल्या दिवसांत मेंदूत काय चालतं? इथे मायक्रोग्लिया येतात.

मेंदूत चेतापेशींव्यतिरिक्त इतरही बऱ्याच पेशी असतात. त्यातल्या या, मेंदूच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशी. १९१९मध्ये स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी चांदीचा क्षार वापरून त्यांना रंगवलं, बाकीच्यांपासून वेगळं ओळखलं आणि नाव दिलं. त्या चेतापेशींच्या भाऊबंद नाहीत. उंदरांवरच्या २०१०मधल्या संशोधनातून कळलं की त्यांचे पूर्वज गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत, योक सॅकमध्ये तयार होतात, तिथून मेंदूत येतात आणि तिथेच पिढ्यानपिढ्या राहतात. बाहेरगावाहून येऊन गावचेच झालेले म्हणा ना.

बराच काळ पुस्तकांमध्ये निरोगी मेंदूतल्या मायक्रोग्लियांना 'विश्रांती घेणाऱ्या' म्हणत. २००५मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत डोकावणाऱ्या मायक्रोस्कोपखाली त्या दिसल्या आणि ही विश्रांती खोटी ठरली. पेशी जागेवर असते, पण तिच्या बारीक फांद्या सतत लांब होतात, आखडतात, आजूबाजूला चाचपत राहतात. लेझरने छोटीशी जखम केली, की काही मिनिटांत आसपासच्या फांद्या तिकडे वळून तिला वेढतात. फुटलेल्या पेशींतून सांडलेलं एटीपी, म्हणजे ऊर्जेचंच रसायन, त्यांच्यासाठी हाक असते.

आता विचार करा, हृदय थांबून सुरू झाल्यावर अशा हाका मेंदूच्या किती कोपऱ्यांतून एकदम येत असतील. मायक्रोग्लिया आकार बदलतात, जाडसर होतात, संख्येने वाढतात, टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ सारखी दाह वाढवणारी प्रथिनं सोडतात, मेलेल्या पेशी गिळतात. जखमेच्या जागी त्या दिसतात, त्यांच्या हातात हत्यारं दिसतात. झालं. आरोपी सापडला.

आमच्याकडे रात्री सिस्टिम पडली की सकाळी लॉग उघडतात. सगळ्यात जास्त ओळी मॉनिटरिंग सर्व्हिसच्या असतात, कारण तिचं कामच बोंब मारणं. नवीन जॉइन झालेलं पोरगं हमखास तिच्यावर बोट ठेवतं. 'मेंदूतल्याच पेशी मेंदूला खातात' या छापाच्या मथळ्यांनी मायक्रोग्लियांचं हेच केलंय.

आरोपात तथ्य अजिबात नाही, असं मी म्हणत नाही. फिर्यादीची बाजू मजबूत आहे. संकटात सापडलेली पण अजून जिवंत असलेली चेतापेशी कधीकधी आपल्या बाहेरच्या आवरणावर 'मला गिळा' अशी खूण दाखवते. ती कदाचित सावरली असती, पण खूण दिसली की मायक्रोग्लिया तिला गिळतात. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या गिळण्याला लागणारी दोन प्रथिनं नसलेल्या उंदीर-घुशींसारख्या प्राण्यांमध्ये, मेंदूचा थोडा भाग रक्ताविना ठेवूनही, पुढे मेंदू कमी आक्रसला आणि हालचाली शाबूत राहिल्या. याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

पण मग तर्क सोपा होता. पेशी गुन्हेगार, तर पेशी काढून टाका. औषध देऊन उंदराच्या मेंदूतले जवळपास सगळे मायक्रोग्लिया घालवता येतात. बुडापेस्टच्या संशोधकांनी तसं केलं आणि मग उंदरांमध्ये पक्षाघात घडवला. २०१६मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला, मायक्रोग्लिया नसताना मेंदूचा मेलेला भाग सुमारे ६० टक्क्यांनी मोठा झाला. पहारेकरी गेल्यावर चेतापेशींमधला कॅल्शियमचा ताल बिघडला होता. २०२०मध्ये त्याच गटाने दाखवलं की मायक्रोग्लिया चेतापेशींच्या मुख्य भागावर खास जोड तयार करून तिची प्रकृती तपासत असतात, आणि इजा झाल्यावर हे आवरण तिचं रक्षण करतं.

एक भेद इथे पाळायला हवा. हे प्रयोग पक्षाघाताचे आहेत. पक्षाघातात मेंदूचा एक भाग उपाशी राहतो आणि शेजारी निरोगी मेंदू असतो, तर अरेस्टमध्ये सगळाच मेंदू उपाशी राहतो. एकाचं उत्तर दुसऱ्याला जसंच्या तसं लागू होत नाही. पण 'पेशी घालवा, मेंदू वाचेल' या भोळ्या तर्काची पडझड व्हायला तेवढं पुरेसं आहे. तीच पेशी एका वेळी सावरू शकणारी चेतापेशी गिळते, दुसऱ्या वेळी तिला धरून ठेवते, तिसऱ्या वेळी कचरा उचलून जागा मोकळी करते आणि वाढीला लागणारी रसायनं सोडते. मायक्रोग्लिया संन्यासी नाहीत. पण चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचीच ही तऱ्हा, कारण खरा चोर आहे ऑक्सिजनविना गेलेली ती पहिली मिनिटं.

शास्त्रज्ञही या द्वैतात अडकले होते. एम१ म्हणजे वाईट मायक्रोग्लिया, एम२ म्हणजे चांगल्या, असे दोन डबे अनेक वर्षं चालले. २०१६मध्ये रिचर्ड रॅन्सोहॉफ यांनी विचारलं की हे दोन प्रकार खरंच अस्तित्वात आहेत का, आणि उत्तर नकारार्थी दिलं. २०२२मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांच्या मोठ्या गटाने एकत्र येऊन सांगितलं, हे डबे आता सोडा. पेशीच्या अवस्था अनेक असतात, त्या वेळेनुसार, जागेनुसार, वयानुसार बदलतात. शास्त्राने टाकलेले डबे आपले रील्स अजून विकतायत.

'ब्रेन इन्फ्लमेशन कमी करा' म्हणत तिशीतला एखादा इन्फ्लुएन्सर कॅप्सूलची बाटली कॅमेऱ्यासमोर धरतो. दाह म्हणजे शत्रू, दाह दाबला की मेंदू तल्लख. हळदीशी माझं भांडण नाही. सांगलीची हळद भाजीत जरूर घाला. पण मेंदूतला दाह दाबणं ही सरळ सोपी चांगली गोष्ट आहे, हे कुठून आलं? मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक मायक्रोग्लियांना शांत करतं आणि प्राण्यांमध्ये त्याने मोठी आशा दाखवली होती. एएलएस या चेतापेशींच्या जीवघेण्या आजारात ४१२ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २००७मध्ये निकाल आला. औषध घेणाऱ्यांची तब्येत न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेगाने ढासळली. आजार वेगळा आहे, पण धडा तोच. उंदराच्या मेंदूत जे शहाणपण वाटतं, ते माणसाला महागात पडू शकतं.

अरेस्टमध्येही प्रयत्न झाले. कोपनहेगनमध्ये ८० रुग्णांच्या एका चाचणीत टोसिलिझुमॅब दिलं गेलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ज्याच्या एका इंजेक्शनसाठी आपल्याकडे लोक वणवण फिरले, तेच हे औषध. २०२१मध्ये निकाल आला. रक्तातली दाहाची खूण धाडकन खाली आली, हृदयाची इजाही कमी दिसली. पण जगण्यात किंवा मेंदूच्या स्थितीत फरक दिसला नाही. चाचणी लहान होती, त्यामुळे दार बंद झालं असं नाही. शरीर ३३ अंशांपर्यंत थंड करण्यावर २००२पासून मोठी भिस्त होती. २०२१मध्ये सुमारे १,९०० रुग्णांच्या चाचणीत त्याची तुलना फक्त ताप येऊ न देण्याशी झाली, आणि सहा महिन्यांनंतरच्या मृत्यूंमध्ये फरक आढळला नाही.

अरेस्टनंतर मेंदू वाचवणारी गोळी आज कोणाकडेही नाही. मग काय आहे?

याच कोपनहेगनमध्ये १२ जून २०२१ला युरो स्पर्धेच्या सामन्यात ख्रिश्चन एरिक्सन मैदानावर कोसळला. जगाने ते थेट पाहिलं. लगेच छाती दाबायला सुरुवात झाली, शॉक दिला गेला, मैदानावरच तो शुद्धीवर आला. पुढच्या वर्षी तो पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळत होता आणि २०२४च्या युरोत त्याने गोल केला. लोक म्हणाले, चमत्कार. चमत्कार वगैरे काही नाही. त्याच्या मेंदूला उपाशी राहण्याचा वेळच फारसा मिळाला नाही. मायक्रोग्लियांना हाका कमी गेल्या.

मैदानावर डॉक्टर होते, तुमच्या सोसायटीत नसतात, हे खरं. पण डेन्मार्कची खरी गोष्ट मैदानाबाहेरची आहे. त्यांनी २००५मध्ये शाळांमध्ये सीपीआरचं शिक्षण सक्तीचं केलं, २००६मध्ये ड्रायव्हिंग लायसन्ससाठी. हॉस्पिटलबाहेर कोसळलेल्यांपैकी आसपासच्या लोकांकडून सीपीआर मिळालेल्यांचं प्रमाण २००१मध्ये सुमारे २१ टक्के होतं, २०१०मध्ये ते ४५ टक्क्यांच्या घरात गेलं. ३० दिवसांनंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ३.५ टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर गेलं. त्या काळात उपचारही सुधारले, सगळं श्रेय शाळेला देता येणार नाही. तरी अरेस्टमध्ये दाह दाबणाऱ्या कोणत्याही औषधाच्या नावावर असे आकडे नाहीत.

आणि आपण? माणूस कोसळला की कांदा हुंगवतो, तोंडावर पाणी मारतो, गर्दी करून 'हवा येऊ द्या' ओरडतो. अरेस्टच्या पहिल्या मिनिटांत अनेकदा माणूस आचके देतो. तोंड उघडतं, घरघर होते. लोकांना वाटतं श्वास चालू आहे, किंवा वाटतं आता शेवट आला, आणि कोणीतरी गंगाजल आणायला धावतं. ते आचके म्हणजे श्वास नव्हे. हाक मारून, हलवून माणूस प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ला फोन लावायला सांगून छाती दाबायला घ्यायची हीच वेळ. छातीच्या मध्यभागी, दोन्ही हातांनी, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. तोंडाने श्वास देता येत नसेल तर नका देऊ. इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७मध्ये सर्वसामान्यांसाठी फक्त छाती दाबण्याचीच पद्धत सुचवली आहे.

फिशिंगचा ईमेल कसा ओळखायचा, याचं सक्तीचं ट्रेनिंग मी ऑफिसात पाच वेळा केलंय. दरवर्षी फायर ड्रिल होते, आम्ही सगळे खाली उतरून चहा पिऊन वर येतो. छातीवर दाब कसा द्यायचा, हे एकदाही कोणी शिकवलेलं नाही. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, एवढं तरी एचआरच्या लक्षात यायला हवं.

आता आयसीयू. किरिनोंच्या जर्बिलांनी जे शिकवलं, त्याचा इथे थेट संबंध आहे. मेंदूतली इजा आणि दुरुस्ती दिवसेंदिवस चालू असते, वरून झोपेच्या औषधांचा अंमल असतो. म्हणून २०२१च्या युरोपियन मार्गदर्शक तत्त्वांनुसार, शुद्धीवर न आलेल्या रुग्णाच्या मेंदूच्या भवितव्याबद्दलचा निर्णय किमान ७२ तासांनंतर, आणि तोही एका चाचणीवर नाही, तर बुबुळांची प्रतिक्रिया, ईईजी, स्कॅन, रक्तातल्या खुणा अशा अनेक गोष्टी एकत्र पाहून करायचा असतो. घाईने 'काही उरलं नाही' म्हटलं, उपचार थांबवले आणि माणूस गेला, की अंदाज बरोबर होता असं वाटतं. तो बरोबर होता की आपणच तो खरा केला, हे मग कधीच कळत नाही.

नातेवाइकांची घाई मला कळते. रोजचं बिल, उसने पैसे, गावाहून आलेली माणसं, 'स्पष्ट सांगा डॉक्टर'. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सगळ्या चाचण्या एकाच दिशेला बोट दाखवत असताना महिनोन्महिने चमत्काराची वाट पाहायला लावणं हीसुद्धा क्रूरताच. माझी मागणी अनंत आशेची नाही. मेंदू ज्या वेगाने बोलतो, त्या वेगाने ऐका, एवढीच आहे. पहिल्या रात्री त्याने अजून तोंडही उघडलेलं नसतं.

आणि जे वाचतात? डिस्चार्ज कार्डवर हृदयाचं सगळं लिहिलेलं असतं. गोळ्या, पथ्य, पुढची टूडी इको कधी. मेंदूबद्दल बहुधा एक ओळही नसते. वाचलेल्या बऱ्याच जणांना विसरणं, लक्ष न लागणं, लवकर थकणं, चिडचिड, उदासी असे त्रास महिनोन्महिने राहतात. माणूस चालतो, बोलतो, हसतो, म्हणून घरच्यांना तो बरा वाटतो. कामावर परतला की तोच माणूस मीटिंगमध्ये धागा हरवतो, दुपारी चारला गळून जातो, आणि अप्रेझलमध्ये 'इनिशिएटिव्ह कमी' असा शेरा घेतो. त्याला आळशी ठरवण्याआधी निदान स्मरणशक्तीची तपासणी आणि पुनर्वसनाचा सल्ला मिळायला हवा. मार्गदर्शक तत्त्वांमध्ये तो आहे. आपल्या डिस्चार्ज कार्डांवरही तो यायला हवा.

मायक्रोग्लियांवर संशोधन व्हायलाच हवं. कधी, कुठे, कोणता घास थांबवायचा, हे कळलं तर उद्या औषध निघेलही. पण त्या औषधाची वाट पाहत आज काही न करणं, याला विज्ञानावरचा विश्वास म्हणत नाहीत. आरटीओत लर्निंग लायसन्ससाठी आपण सिग्नलची चित्रं ओळखून दाखवतो. तिथेच अर्धा तास एका पुतळ्याची छाती दाबायला लावा. दहावीच्या प्रॅक्टिकलमध्ये लिटमसच्या शेजारी हेही ठेवा. आणि सरकार करेल तेव्हा करेल, तोवर या रविवारी सोसायटीच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांऐवजी एवढंच टाका, 'आपल्या इमारतीत सीपीआर कोणाकोणाला येतो?' उत्तर बहुधा शून्य येईल. मग एखाद्या प्रशिक्षकाला बोलवा.